पाचवा तारा

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? ताई फोनवर म्हणाली, तुम्हाला जिना चढवतो पण उतरवत नाही. (आमच्याकडे उलटे आहे. जिना उतरवतो, तोही डोक्यावर. ते पुढे येईलच.)

सूनबाईने नातीला शेजारच्या मावशींकडून काढून पाळणाघरात घातले, कारण तिथे दारावर चार तारे लावले आहेत. तपासनीस येतात आणि मुलांची काळजी जितकी जास्त तितके तारे देतात. मावशींकडे तारा नव्हता, पण जिनाही नव्हता. हे बोललो तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही." (शिक्षण मला कमीच, पण पडणे कळते.)

पाळणाघर वरच्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी छोटे फाटक होते, त्याच्यामुळेच चौथा तारा मिळाला. तारा बघून मुले दुप्पट झाली, उघडझाप वाढली, आया वैतागल्या आणि त्यांनी फाटक उघडेच दोरीने भिंतीला बांधून टाकले. आमची नात पहिल्याच आठवड्यात वरून खालपर्यंत घरंगळली. हनुवटीला टाके पडले. मी भांडायला गेलो तर चालकबाई म्हणाल्या, "आजोबा, चार ताऱ्यांचं आहे आपलं पाळणाघर. घरी पडली असेल." रक्त तेव्हाही पायरीवर होते, नुसते वर पायपुसणे टाकले होते.

मावशींनी तोवर काम सोडलेले, मुलगा-सून दोघे नोकरीवर. मग मीच सकाळपासून वरच्या पायरीवर बसू लागलो. पोरे पाठीवर आदळतात, मी मागे ढकलतो. मला 'फाटकआजोबा' म्हणतात. काल तपासनीस आले. वाटले, आता बाईंची धडगत नाही. त्यांनी मला पाहिले, मान डोलावली आणि जिन्यावर कायम माणूस ठेवल्याबद्दल पाचवा तारा देऊन गेले. बाईंनी संध्याकाळीच फाटक भंगारात घातले. दाजी, आता मला लघवीला उठायचीसुद्धा धास्ती वाटते.

ताईला नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. डावा डोळा कधीचाच गेला, उजव्याने आता सावल्याच दिसतात, हे पत्रही अंदाजानेच खरडले आहे. पोरे मी पावलांच्या आवाजावर अडवतो. (कोणाला बोलू नका, तारा माझ्यावर आहे.) सोमवारी डोळ्याचे ऑपरेशन आहे, डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत.

आणखी एक ता. क. रविवारीच या. काम नुसते बसायचे आहे. तुम्हाला जिना चढता येतो आणि उतरता येत नाही, हे फार बरे झाले.