नियम चौथा

१२ जानेवारी

प्रश्नावली पाच उमेदवारांना पाठवली होती. परत आल्या तीन. पैकी एकीवर चहाच्या कपाचे वर्तुळ! वीस प्रश्न मी तीन आठवडे घासूनपुसून तयार केले आणि हे गृहस्थ त्यावर कप ठेवतात.

आमच्या समितीत चौघे आहोत: डॉक्टर, निवृत्त मुख्याध्यापक, माझी धाकटी बहीण आणि मी. प्रांतिक सभेच्या निवडणुकीत पाणी, हवा, झाडे यांची खरोखर चाड असलेला उमेदवार कोण, हे गुण देऊन ठरवायचे आणि त्या एकाच नावाचे पत्रक घरोघरी टाकायचे. काम साधे आहे. पण उत्तरे वाचून हात धुवावेसे वाटतात.

चहाचे वर्तुळ हिरव्या कोटाचे. (हा मनुष्य प्रचाराला फक्त हिरवाच कोट घालतो, त्याला वाटते तेवढे पुरे.) तो लिहितो, ‘आमचा पक्ष हवामानाच्या बाजूने आहे.’ हवामानाच्या बाजूने! सोबत वृक्षारोपणाची तीन छायाचित्रे. तिन्हींत रोप एकच. कुंडीचा फुटलेला काठ मी भिंगातून पाहिला. गुण: अकरा.

१३ जानेवारी

वकिलाची प्रश्नावली वाचली. अखेर एक सुशिक्षित माणूस! काळी शाई, समास सोडलेला, अर्धविराम जागच्या जागी. सातव्या प्रश्नाला — ‘गावाखालची दलदल बुजवून तिथे गोदामे बांधण्याच्या योजनेबद्दल आपली भूमिका?’ — त्याने माझ्याच पंधरा वर्षांपूर्वीच्या निबंधाचा आधार दिला आहे. पृष्ठ क्रमांकासह. पृष्ठ क्रमांक बरोबर आहे, मी पडताळला.

गुण: ब्याण्णव. आठ कापले, कारण शंभर मी आयुष्यात कुणालाही दिलेले नाहीत.

१४ जानेवारी

तिसरी प्रश्नावली पंपवालीची. दलदलीच्या काठावरच्या पंपघरात ती बावीस वर्षे पाण्याची पातळी मोजते. अपक्ष उभी आहे. गावात तिचे हसे चालले आहे: सभेत काय पंप चालवणार का, वगैरे. मी हसले नाही. कधीकाळी अशा मोजणीदारांना मीच प्रशिक्षण दिले होते. तीस-पस्तीस चेहरे, एकही आठवत नाही.

लिफाफा उघडला आणि पाहते तो सगळी उत्तरे पेन्सिलीने! नियम चौथा ठळक छापला होता: ‘उत्तरे शाईतच लिहावीत. पेन्सिलीतील उत्तरे ग्राह्य धरली जाणार नाहीत.’ कारणही दिले होते: खोडता येणारे आश्वासन आम्हांला नको. एवढी एक ओळ वाचता येत नाही तिने प्रांताचे कायदे वाचायचे?

लाल रेघ मारली. एक अक्षरही वाचले नाही. बाद ती बाद. बाद पेपर वाचणारा परीक्षक पुढे दयेला बळी पडतो.

१७ जानेवारी

समितीची बैठक माझ्याकडे. वकिलाच्या नावाला डॉक्टरांनी मान डोलावली, मुख्याध्यापकांनी त्यांची पाहून डोलावली. धाकटी तेवढी अडून बसली. पंपवालीचा कागद निदान वाचू या, म्हणे. मी नियम दाखवला. तो तिला पाठ होता. मुद्रणदोष तिनेच तपासले होते.

“ताई, कोळशाने लिहिलं असतं तरी वाचलं असतं मी. ती रोज पहाटे माझ्या दारावरून मोजपट्टी घेऊन जाते. तुझा वकील दलदलीकडे एकदा तरी फिरकलाय का? बूट बघ त्याचे.”

बुटांना गुण नाहीत, असे मी सांगितले. ती हसली नाही. तिचे घर खालच्या आळीत, दलदलीला लागून. दलदल बुजली तर ते पाणी जाणार कुठे, हे तिला कळते. मला तर अधिकच कळते. म्हणूनच मला निर्दोष माणूस निवडायचा आहे. आपल्या घरासाठी ती एक शब्द बोलली नाही. हे मात्र मला आवडले. जाताना बशी न विसळता गेली. हे नाही.

२६ जानेवारी

पत्रक छापून आले. वकिलाचे नाव, खाली माझी सही. एकही चूक नाही. वाचून समाधान झाले, किती दिवसांनी!

९ फेब्रुवारी

मतदान केले. रांगेत पुढच्या बाईच्या हातात आमचे पत्रक होते. ती शेजारणीला म्हणाली, मी पंपवालीला देणार होते गं, पण प्रोफेसरबाईंनी सांगितलंय म्हणजे विचार करूनच सांगितलं असणार.

मी ताठ उभी राहिले. खोटे कशाला लिहू — बरे वाटले.

११ फेब्रुवारी

वकील निवडून आला. दुसरी पंपवाली. फरक दोनशे चौदा मतांचा. हिरवा कोट कुठल्या कुठे.

धाकटीचा फोन नाही.

२० मार्च

शिसारी, शिसारी, शिसारी.

सभेच्या पहिल्याच अधिवेशनात दलदलीचा ठराव आला. वकिलाने हात वर केला. बुजवण्याच्या बाजूने! भाषणात माझ्या निबंधातले वाक्य घेतले, अर्धे, ‘परंतु’च्या आधीचे.

मी फोन केला. त्याने स्वतः उचलला, आवाजात तूप. “बाई, प्रश्नावलीत लिहिलं ते तत्त्व. सभेत करावा लागतो तो व्यवहार. तुमच्यासारख्या विदुषीला मी काय सांगायचं?” वर पत्रकाबद्दल आभार मानले. त्याच्याशिवाय जमले नसते, म्हणाला.

फोन ठेवल्यावर रिसीव्हर पुसला. नंतर जाणवले, किळस त्याची येत नव्हती. काळ्या शाईतल्या, समास सोडलेल्या त्या उत्तरांना मी दिलेल्या ब्याण्णवची येत होती.

२२ मार्च

धाकटीकडे गेले. तिने दार उघडले, आत गेली, चहा टाकला. मी क्षमा मागण्याचे वाक्य वाटेत बांधून नेले होते, चांगले होते. तिने ते मधेच तोडले. “ताई, भाषण ठेव. हरकत घ्यायची मुदत एकतीसपर्यंत आहे. भराव टाकला तर पाणी आमच्या आळीत येतं, हे आकड्यांनी दाखवायला लागेल. ते आकडे कुणाकडे आहेत, तुला माहितीये.”

माहीत होते. चहा कडू होता. प्यायले.

२३ मार्च

पंपघरात गेले. ठेंगणी खोली, तेलाचा वास, खिळ्याला टांगलेले रबरी बूट. पंपवाली माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, हात रापलेले. निवडणुकीचा विषय तिने काढला नाही. मी तर नाहीच. नोंदवह्या हव्या आहेत, एवढे सांगितले. कशाला, असेही तिने विचारले नाही. मेणकापडात बांधलेला गठ्ठा खाली काढला. बावीस वह्या.

“मॅडम, भिजल्या तरी चालतील. हरवू नका फक्त. दुसरी प्रत नाहीये.”

भिजल्या तरी चालतील! बावीस वर्षांच्या नोंदी, आणि ही बेफिकिरी! ओठांवर आले होते, गिळले. गरज माझी होती. गठ्ठा छातीशी धरून रिक्षात बसले. गाठ घट्ट आहे. उद्या सकाळी सोडेन.

२४ मार्च

गठ्ठा सोडला. निम्म्या वह्या कधी ना कधी पाण्यात पडून वाळलेल्या. पाने फुगलेली, गाळाचे डाग. पण बावीस वर्षांतला एक आकडा पुसलेला नाही. सगळे पेन्सिलीत.

पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याआत प्रशिक्षणाचे सूचनापत्र डिंकाने चिकटवले आहे. सूचना पहिली, ठळक: ‘नोंद नेहमी पेन्सिलीनेच करावी. शाई पाण्यात टिकत नाही.’ खाली सही माझी.

लाल रेघ मारलेली तिची प्रश्नावली कपाटात आहे. आता वाचायला घेते.