आदर्श सुनेची शाल

शुक्रवार, १७ जानेवारी २००३
गडमुडशिंगी

अजून किळस जात नाही. सासूबाईंच्या शौचाच्या भांड्याची नव्हे, ते तर चार वर्षं रोज उचलते आहे. त्या बायकांची.

महिला मंडळानं यंदा हळदीकुंकवाला मला 'आदर्श सून' ठरवलं. निरोप आला, हॉलवर दोन तास या. मी म्हटलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तेवढा वेळ त्यांच्यापाशी कोण बसणार? आज दुपारी चौघीजणी सत्कार घेऊन घरीच आल्या, फोटोवाल्यासकट.

सासूबाईंचं नुकतंच झालं होतं. भांडं न्यायला वाकले, तर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की ते, आधी फोटो." आणि भांडं पायानं पलंगाखाली सारलं. पायानं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी शाल पांघरून उभी राहिले. तेव्हाच का नाही बोलले?

चहाच्या वेळी मात्र विचारलं, "रविवारी कुणीतरी दोन तास बसाल का? दाढ काढायची हाय. दिवाळीपासनं ठणकतीया."

"बघू की," म्हणाल्या. "तुमच्यासारखं आमास्नी जमतंय व्हय?"

त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले, तर पलंगाखाली भांडं कलंडलेलं आणि ओघळ दारापर्यंत आलेला. सासूबाई रडत होत्या, चूक त्यांचीच असल्यासारख्या.

हाताशी शालच होती. तिनंच पुसायला घेतलं. नायलॉनची निघाली. काही शोषून घेत नाही.