चारशे तेरा नट आणि एक ट्रक

तीर्थरूप मामांच्या चरणी चष्मेवाल्या भाच्याचा ग्रीसच्या हातांनी केलेला साष्टांग नमस्कार. (कागदावर जे डाग दिसतील ते नमस्काराचेच आहेत, पुसू नयेत. पुसले तर पसरतात, हा माझा आठ महिन्यांचा अनुभव आहे.)

गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं लावतो म्हणून सांगता? आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचं मागचं पत्र मिळालं. मामी गेल्यापासून आईने तीनदा लिहिलं की इकडे राहायला या, आणि तिन्ही वेळा तुमचं एकच उत्तर आलं, ‘बसून खायला मी कुणाकडे येणार नाही.’ तिसऱ्या पत्रानंतर आई त्या दिवशी जेवली नाही. पत्राची बारीक घडी करून तिने ते मीच दिलेल्या चष्म्याच्या डबीत ठेवलं, त्यामुळे चष्मा आता टेबलावर उघडा लोळत असतो. मलाही वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण हा विषय काढायची मला घरातून सक्त मनाई आहे, तेव्हा मी तो काढत नाही. हे पत्र फक्त ट्रकबद्दल आहे.

तर ट्रक. तुम्ही सैन्यात सव्वीस वर्षं जो चालवला, खोलला, जोडला आणि ज्याच्या गोष्टी सांगून माझ्या लहानपणीच्या दुपारी खाल्ल्या, तोच, त्याच बनावटीचा. भंगारवाल्याच्या आवारात मागे पडला होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण केस माझ्याहून बरे, म्हणजे मूळचा हिरवा रंग निम्मा तरी शाबूत. मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. (हे तुमच्या सूनबाईचे शब्द. माझ्या मते ते त्या दिवशी पहिल्यांदा ठिकाणावर आलं.) दुसऱ्या ट्रकने ओढून तो परसात आणला, तेव्हा कपडे वाळत घालायच्या दोन्ही तारा काढाव्या लागल्या. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, आणि ती काही बोलत नाही तेव्हा काय असतं ते मामींनी तुम्हाला शिकवलंच असेल.

आता माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. दिवसभर मी चष्म्याच्या दांडीचा स्क्रू फिरवतो, जो शिंकलं तरी हरवतो. त्यामुळे तळहाताएवढा पाना हातात घेतला की मला आपण फार मोठे झालो असं वाटतं. तुम्ही शिकवलेला नियम मात्र मी विसरलो नाही: काढलेला प्रत्येक नट जागच्या जागी नोंदायचा. चार महिने मी ट्रक खोलत होतो आणि प्रत्येक नट कागदाच्या पुडीत बांधून वर चिठ्ठी लावत होतो. ‘उजवं पुढचं चाक, वरून दुसरा.’ ‘सीटखालचा, हट्टी.’ ‘हा कुठला ते मामांना विचारणे.’ अशा चारशे तेरा पुड्या. अख्खी पडवी भरली. तुम्ही पाहिलं असतंत तर एकदा तरी ‘हं’ म्हणाला असतात, आणि तुमचं ‘हं’ मी आजवर दोनदाच ऐकलं आहे.

आणि मग एका दुपारी, मी दुकानात असताना, तुमच्या ताईला साफसफाईचा झटका आला. संध्याकाळी घरी येतो तो पडवीत पांढरी चादर अंथरलेली, आणि तिच्यावर चारशे तेरा नट, आधी रॉकेलने आणि मग साबणाने घासलेले, चकचकीत, उंचीप्रमाणे रांगेत उभे. चौतीस वर्षं प्राथमिक शाळा चालवलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार? बुटके पुढे, लंबूटांगे मागे. चिठ्ठ्यांचा बादलीत लगदा झाला होता. मी तिथेच बसलो. आई शांतपणे म्हणाली, घाण होती, म्हणून धुतलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ते तिच्या लक्षातही आलं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी मीच बोललो.

दरम्यान सूनबाईचं मन पालटलं. झालं असं, की उन्हातून सुटायला ती एकदा मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली जाऊन बसली, आणि तासाभराने बाहेर आली ती बेत घेऊनच. इथे फळीचा पलंग, इथे शेगडी, इथे आरसा, आणि ताडपत्रीच्या खिडक्यांना पडदे. फुलाफुलांचे. मी म्हटलं, अगं हा लढाईतला ट्रक आहे. ती म्हणाली, मग आता त्याला विश्रांती मिळू दे. वेल्डरला बोलावून पलंगाचा सांगाडा करून घेतला, चढायला पायरी लावून घेतली. पायरी लावताना आई मुद्दाम खुर्ची टाकून बसली होती. पायरी चार बोटं खाली घ्या, म्हणाली. मी विचारलं, इथे गुडघे कुणाचे दुखतात? आहेत कुणाचे तरी, म्हणाली आणि आत गेली. वेल्डरने चादरीवरची ती रांग पाहिली तेव्हा चपला काढून ठेवल्या आणि मग म्हणाला, साहेब, हे जुळवायला ज्याने डोळे मिटून ही गाडी खोललीय असा माणूस लागेल. मी त्याला म्हटलं, आपण प्रयत्न करू. (मला साहेब म्हणाला ना, तिथेच घोळ झाला.)

नट अंदाजाने बसवले. जो बसला तो त्याचा. साडेतीन महिन्यांनी, गेल्या रविवारी सकाळी, इंजिन सुरू झालं. मामा, खोटं नाही सांगत, आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं धुरानेही.) गाडी पुढे निघाली, मोजून अकरा पावलं गेली आणि मी ब्रेक दाबला. आता सीटचे बोल्ट मला रांगेत कुठे सापडलेच नव्हते, म्हणून दुसरेच चार ठोकले होते. ते जरा सैल. तेव्हा ब्रेकवर पाय देताच सीट मला घेऊन मागे सरकली आणि पाय ब्रेकवरून सुटला. पुढे सरकून पुन्हा दाबला, सीट पुन्हा मागे. असं वल्हवत वल्हवत आम्ही न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत गेलो आणि ती जरा आत ढकलून थांबलो. सूनबाई मागे पडद्यांची मापं घेत होती. टेप गळ्यात घालून उतरली, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “न्हाणीघरालाही आता पडदाच लावते.” आईने मात्र आधी मला चाचपून पाहिलं, हातपाय हलवायला लावले, आणि मग खोलीत जाऊन दार लावून बसली. तिला एवढी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक,
चष्मेवाला

ता. क. एक बारीकसं काम होतं. एकसष्ट नट उरले आहेत. गाडी चालते, म्हणजे ते नसले तरी चालत असावं, असं सूनबाईचं मत आहे. मी त्यांची कागदावर चित्रं काढून सोबत जोडली आहेत. कोणता कुठला ते नुसतं लिहून कळवा. यायची तसदी घेऊ नका, मी तसं सुचवतही नाही.

ता. क. २. सुचवतो आहे, मामा. मला जमत नाही हो हे एकट्याला. आईला सांगू नका.

(खालच्या ओळी वेगळ्या अक्षरात, सरळ रेषेत.)

धाकट्या, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून या चार ओळी. चिठ्ठ्या चुकून भिजल्या नाहीत. एकेक वाचली आणि मग पाण्यात टाकली. चिठ्ठ्या बघून यानेच दोन महिन्यांत सगळं जोडलं असतं, आणि मग तू म्हणाला असतास, तिथे माझं काय काम? आता चारशे तेरा कामं आहेत. बसून खाऊ नकोस, उभ्याने खा, पण इथे खा. पायरी चार बोटं खाली घेतली आहे. सीटचे खरे चार बोल्ट मी नंतर रांगेतून उचलले, ते माझ्या औषधांच्या डब्यात आहेत. वाटलं होतं, ते नाहीत म्हटल्यावर हा थांबेल. हा कसला थांबतो! रविवारपासून मला झोप नाही. लवकर ये आणि तुझ्या हाताने बसव. याला यातलं काही सांगू नकोस. — ताई