ठरवून आल्यावर विचारलेला प्रश्न

प्रिय रफिकभाई,

तुम्हाला माती देऊन चार महिने झाले. आज मात्र लिहिल्याशिवाय चैन पडेना. उद्या सकाळी दहाला साहेबांसमोर उभं राहायचंय. सोमवारी आपलं रुग्णवाहिकांचं नवं सॉफ्टवेअर सुरू होणार, ही तारीख मीच छातीठोकपणे दिली होती. ती मागे घ्यायचीय.

तुमची जागा मला मिळाली तेव्हा भिसेगावात तुमच्या घरी येऊन भाभींना भेटले. “त्यांनी केलंय ते सांभाळ गं,” म्हणाल्या. मी मान डोलावली आणि पहिल्याच आठवड्यात तुमचं सॉफ्टवेअर मोडायला घेतलं! काय करणार? एके ठिकाणी हात लावला की दुसरीकडे बिघडायचं. म्हणून त्याचे वेगवेगळे भाग करून नवं बांधायचं ठरवलं. ते चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

पण तुमच्या कोडमध्ये एक विचित्र तुकडा होता. कशासाठी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बिनकामाचा समजून मी तो नव्यातून काढला. एक ओळ लिहून ठेवायला काय झालं होतं, भाई? सगळं डोक्यात घेऊन गेलात.

काल चाचणी घेतली. माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीतून खोटा कॉल लावला. गाडी डोंगराआड उभी, चालकाच्या मोबाइलला रेंज नाही, म्हणून त्याला निरोप पोचलाच नाही. आमच्या पडद्यावर मात्र ‘गाडी रवाना’! ती जागची हललीच नव्हती, हे वीस मिनिटांनी कळलं. खरंच कुणी अडलेली बाळंतीण असती तर?

तेव्हा कुसुमताई बोलल्या. इतकी वर्षं कॉल घेणाऱ्या त्या, म्हणून तुम्ही त्यांना टीमच्या प्रत्येक मीटिंगला बसवायचात.

“गाडीवाल्यानं मिनिटभर उत्तर नाय दिलं का माझ्यापुढं घंटी वाजायची. मंग मी तिथल्या दुकानात फोन लावून त्याला हाक मारायला सांगायची. नव्यात ती घंटीच गेली.”

“मग मीटिंगमध्ये का नाही बोललात? मी सगळ्यांना विचारलं होतं.”

“इचारलंस गं. पन ठरवून आल्यावर इचारलंस.”

तुम्ही नेहमी सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलायचात. ‘भाईंना स्वतःचं मतच नाही,’ असं म्हणत मी पाठीमागे हसायचे. एकदा तर तोंडावर म्हणाले. तुम्ही नुसता चहा मागवलात. तेव्हाच का नाही हो कान उपटलेत माझे? आता माफी कुणाची मागू?

मी काढलेला तो तुकडा म्हणजेच ती घंटी. आज परत बसवली. पण ती सापडली म्हणून कळलं. असं आणखी काय काय मी कचरा समजून फेकलंय, आणि कोण कोण ते माहीत असून गप्प बसलंय? याच विचाराने जेवण जात नाहीये. साहेब म्हणतील, हिला ही जागा झेपत नाही. म्हणू देत.

भाई, शब्द देते. सोमवारचं रद्द. आधी कुसुमताई आणि चालकांशेजारी बसेन, एकेक गोष्ट का आहे ते विचारेन आणि लिहून ठेवेन. ती माणसं स्वतःहून हो म्हणेपर्यंत तुमचं जुनं सॉफ्टवेअर बंद करणार नाही. तोवर वाडीवरून येणारा प्रत्येक फोन तुम्हीच घ्यायचा.

तुमच्या टीममधलीच,
वैशाली