आकडा टाकला कोणी

१४ ऑक्टोबर, मंगळवार
दादाचं उरकलं. शेजारच्या सोपानच्या कुंपणाला चिकटून गेला. दोन्ही शेतांमधला बांध, धुरा, एकच. डुकरं हळद उकरतात म्हणून सोपानने तार ओढलेली, तारेला झटका मशीन. मशीन माझी. वारंगा फाट्यावर माझ्या दुकानात मी स्वतः बांधलेली, चार्जरसकट. तार चालू आहे का ते ओल्या गवताची काडी टेकवून बघायचं, हाताला टकटक लागते, हे दादाला मीच शिकवलेलं. काडी मुठीतच होती. हात कोपरापर्यंत काळा.
सोपान सगळ्यांदेखत म्हणाला, "तुज्याच मशीनीनं मेला तुजा भाऊ." मी चप्पल काढली. लोकांनी धरलं. धरायला नको होतं.

१५ ऑक्टोबर
गाव म्हणतं, सोपानने खांबावर आकडा टाकून तारेत डायरेक्ट लाईन सोडली. तो नाही म्हणतो. पोलिसांनी तार नेली, मशीन "नंतर बघू". मीच गेले आणि सोपानच्या भिंतीवरून मशीन उपटून आणली, खिळ्यांसकट. त्याची आई आडवी आली. ढकललं. उंबऱ्यावर पडली. मागे वळून बघितलं नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.
मशीनच्या तारेचं टोक आणि अर्थिंग, मध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर. तोच माणूस समजायचा. त्याच्या मागे दहा ओहम, त्यावर पडणारा इवलासा व्होल्टेज मोठा करून मायक्रोकंट्रोलरला. टक म्हणजे मशीनचा नेहमीचा झटका, तो सोडून द्यायचा. दोन टकांच्या मध्ये चार्जरमधून मेन लाईन गळते का, एवढंच बघायचं.
आकडे नाचतात. एक धड टिकत नाही. मल्टिमीटर भिंतीवर फेकला. चांगला होता.

१८ ऑक्टो.
हजार रीडिंग घेतली, त्यांची सरासरी. आकडे गप्प बसले. ०.४ मिलिअँपिअर. दहादा मोजलं, ०.४. एवढ्याने मुंगी मरत नाही. माझी मशीन निर्दोष. म्हणजे सो.नेच आकडा टाकला.
आकड्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. दादा गेल्यापासून पहिल्यांदा जेवले.

१९ ऑक्टो., रवि.
पाईपपाना घेऊन गेले. सो. मळ्यात एकटा. "ताई, लेकराची आन, डायरेक म्या जोडली न्हाई. तकलीफ मलाबी हाय." लेकराचं नाव घेतलं म्हणून जास्तच चढला राग. पहिला घाव खांद्यावर. मग डोक्यावर. मग मोजले नाहीत. कानातून रक्त आलं तरी हात थांबेना. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
दिवस मावळताना चुलतभावांनी त्याची कापून रचलेली सोयाबीनची सुडी पेटवली. मला विचारलं होतं. मी नको म्हणाले नाही.

२१ ऑक्टो.
सो. नांदेडला दवाखान्यात, शुद्ध नाही. मला ठाण्यात बसवून सोडलं. त्याच्या घरच्यांनी तक्रार दिली नाही. भितात आम्हाला. रस्त्यात लोक म्हणतात, बराबर केलं ताई.

२२ ऑक्टो., बुध.
हात रिकामे म्हणून मशीन मोजायला बांधलेला बोर्ड तपासायला घेतला. मेन लाईनचा वीस मिलीचा माहीत असलेला करंट सोडला. बोर्ड म्हणतो ०.३.
पुन्हा सोडला. ०.३.
मेनचा करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे जातो. पुढचा अधिक, मागचा उणे. सरळ सरासरी काढली की शून्याच्या आसपासच येणार. आधी प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा, मग सरासरी, मग वर्गमूळ. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. नाचणारे आकडे घालवायला निघाले आणि करंटच घालवला. नाचत होता तोच करंट होता.
प्रोग्रामची एक ओळ बदलली. वीसला वीस आले. मशीन लावली.
६१.
माणूस वाचवायला घरात बसवतात तो गळतीचा ब्रेकर तीसलाच पडतो.
मशीन फोडली. चार्जरमधल्या तारांच्या दोन वेढ्यांमध्ये मेन लाईन अडवणारा कागद ओला, जळका. मीच गुंडाळलेला. हात टेबलावर आपटत राहिले, दोन बोटं सुजलीत. सो.ने काही केलं नव्हतं. दादाला मी मारलं, आणि सो.लाही मीच.

२३ ऑक्टो.
सकाळी वहिनी दुकानात आल्या. डोळे सुजलेले, हातात कोरा कागद. सो.चा भाऊही तेव्हाच नांदेडचा निरोप घेऊन आला, शुद्ध अजून नाहीच. तो दारातच उभा राहिला, माझ्याकडे बघेना.
"ताई, दुपारी ठाण्यात जबानी हाय माजी. तुमी मोजलं ते लिहून द्या, सहीनं. सोपान उठला तरी सुटाया न्हाई पाहिजे."
मी फोडलेल्या मशीनवर फडकं टाकलं.
"शून्य पॉइंट चार म्हणजे काईच न्हाई ना?"
"हो वहिनी. शून्य पॉइंट चार म्हणजे काहीच नाही."
त्यांनी पदराच्या गाठीतून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. दारातल्याने मान वर केली. कागदावर तारीख टाकली आहे, नाव टाकलं आहे. वहिनी समोर बसून आहेत. त्यांना सांगितलंय, आठवून लिहिते, आणि लिहितेय हे इथे, वहीत. कागदावर आकडा अजून टाकलेला नाही.