खोलीपेक्षा लांब कपाट

तीर्थरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार,

पत्राच्या सुरुवातीला इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं. तर इकडे मी ठीक आहे, कपाट ठीक नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करता की भाऊजींकडून करवून घेता? भाऊजींचा खोकला थांबला का? (निदान वादात हरायला लागले की खोकू नका म्हणावं त्यांना. अशाने खरा खोकला कुठला ते कुणाला कळणार?)

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, तुझ्यासाठी घराला खोली वाढवतोय, नकाशा तूच काढलास, मग आमच्याकडे राहायला येतेस की नाही ते एकदाचं सांग. तुमचा भाऊ गेल्यापासून तुम्ही हेच विचारताय आणि मी दर वेळी हवापाण्याची चौकशी करून पत्र संपवते. या वेळी उत्तर द्यायचंच ठरवलं होतं. पण मध्येच कपाटाचं झालं.

झालं असं. तुम्हाला माहीतच आहे, ह्यांच्यामागे साहेबांनी मला ह्यांच्याच ऑफिसात ठेवून घेतलं ते घरांच्या नकाशांच्या गुंडाळ्या लावायला. मग कॉम्प्युटरवर नकाशा काढायचं जाडजूड पुस्तक हाती लागलं. मी लग्नानंतर आपली आपण वाचायला लागलेली बाई, हाताला लागेल ते पहिल्या पानापासून वाचते. तेही वाचलं. (कादंबरी म्हणून बरी नाही. नायक कुणीच नाही, आणि खलनायक शेवटाकडे कळतो. तो म्हणजे माउसचं चाक.) त्याचं असं असतं वन्सं, की कॉम्प्युटरच्या आत घर खऱ्या मापाचं काढायचं, पुरतं घराएवढं. कागद तर एवढासा. म्हणून कागदावर एक चौकट पाडायची, तिला व्ह्यूपोर्ट म्हणतात, आणि तिच्यातून घराकडे किती लांबून बघायचं ते ठरवायचं. एकास पन्नास ठरवलं, की पाच मीटरची भिंत कागदावर दहा सेंटिमीटर दिसणार. एवढं झालं की चौकटीला कुलूप घालायचं, म्हणजे प्रमाण हलत नाही. पुस्तकात हे ठळक अक्षरांत छापलंय. मी त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

कुलूप घातलं नाही.

त्याचं कारण सांगते. तुमच्याकडच्या नव्या खोलीत भिंतभर बसवायच्या पुस्तकांच्या कपाटाची शीट झाली होती. पण मला वाटलं, त्या खोलीत आपण बसणार कुठे ते जरा बघावं. चौकटीच्या आत शिरले आणि चाक फिरवत फिरवत खिडकीपाशी गेले. तिथे एक खुर्ची काढली. हाताला सवय, शेजारी दुसरी काढली. मग दुसरी पुसली. मग पहिलीही नको वाटली, तीही पुसली आणि चाक उलटं फिरवून बाहेर आले. दिसायला सगळं होतं तसंच. पण आत गेले तेवढी बाहेर आलेच नव्हते. चौकटीतली खोली मघापेक्षा थोडी मोठी होऊन बसली होती, आणि खाली मीच टाइप केलेलं ‘प्रमाण एकास पन्नास’ जागचं हललं नव्हतं. त्यात आकड्यांची फार गर्दी होते म्हणून मापं लिहिलेला थर (नकाशा एकावर एक थरांचा असतो, हवा तो लपवता येतो) मी बंद ठेवलेला. (नकाशा कसा सुटसुटीत, देखणा दिसत होता! चुकीची वस्तू इतकी देखणी नसावी.)

ती शीट छापून आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना दिली. आकडे नाहीत म्हटल्यावर त्यांनी कागदावरच पट्टी ठेवली, पन्नासने गुणलं आणि कपाट केलं. मी बघायला गेले. लाकूड सुरेख, कप्पे सरळ, दारं बोटाने उघडतात. फक्त ते कारखान्याच्या या टोकापासून निघून त्या टोकाकडे चाललेलं. मी म्हटलं, काका, एवढं लांब? खोलीत मावायचं नाही हे. त्यांनी शीट माझ्यापुढे धरली. म्हणाले, “वहिनी, कपाट चुकलेलं नाही. खोली चुकली.”

शीट घेऊन ऑफिसात आले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “बाई, ह्याचं प्रमाण काय?”

“एकास पन्नास. खाली लिहिलंय की.”

“लिहिलंय ते मलाही दिसतंय. आहे किती?”

मग पट्टी ठेवली. भिंत कागदावर सेंटिमीटरभर जास्त. म्हणजे कपाट खोलीपेक्षा हातभर लांब. साहेब रागावले नाहीत, तेच वाईट. आत जाऊन दार लावून घेतलं, आणि काचेतून त्यांचे खांदे हलताना दिसत होते. आता कुठलाही नकाशा ऑफिसबाहेर जायच्या आधी कुणीतरी विचारतंच, “लिहिलंय ते राहू दे, आहे किती?” मीही विचारते. चौकटीवर क्लिक करून प्रमाण वाचते, छापल्यावर ठाऊक असलेली एक भिंत पट्टीने मोजते, आणि कुलूप तर मालगाडीच्या डब्याला घालावं तसं घालते.

सुतारकाका कपाट कापून लहान करायला तयार आहेत. (सध्या त्यात जेवणाचा डबा ठेवतात आणि मग कुठल्या कप्प्यात ठेवला ते शोधतात.) पण मला वाटतं वन्सं, राहू द्यावं सगळं. ऑफिस इथे आहे. ह्यांची पुस्तकं इथल्या घरात जिथल्या तिथे आहेत, अंधारातही हाताला लागतात. माझ्यासाठी तुम्ही घराच्या भिंती हलवायच्या, आणि मी ही अशी, एक कपाट धड मापाचं करून घेता येत नाही. मी आहे तिथेच बरी आहे. भाऊजींना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं होतं, आज पुन्हा वाचलं. कपाट कापू नका असं मी काकांना सांगून आले. आहे त्या लांबीत ह्यांची सगळी पुस्तकं मावतात आणि माझीही. मोजून पाहिलं. नव्या खोलीची आतली भिंत अजून कमरेएवढीच आहे असं भाऊजी फोनवर म्हणाले होते. ती त्यांच्या अडगळीच्या खोलीत हातभर सरकवता येईल का? सुधारित नकाशा सोबत आहे, आकड्यांसकट. साहेबांनी स्वतः मोजलाय. (भाऊजी खोकतील. खोकू द्या.)

आणखी एक ता. क. : घरमालकांना कालच सांगितलं, घर सोडतेय म्हणून. वरचं ‘मी आहे तिथेच बरी’ वगैरे खोडणार होते, पण कागद खराब दिसला असता. साहेब म्हणाले, काम तिकडूनही पाठवता येईल.

शेवटचं : मला न्यायला तुम्ही स्वतः या. गुडघा दुखत असला तरी या. इथे खिडकीशी ह्यांचं ड्रॉइंगचं टेबल आहे. त्यावर ह्यांच्या हातची शेवटची शीट चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली तशीच आहे. बाकी सगळं मी बांधून ठेवीन. ती माझ्याच्याने निघत नाही. तुम्ही बहीण आहात त्यांची, तुम्ही काढा. मी शेजारी उभी राहीन.