मास्तरांचा सूर कुणाच्या हवाली करावा याविषयी

सर्वांत आधी माफी मागतो. हे लिहायला मी फार उशीर केला. दरवर्षी ठरवत होतो आणि दरवर्षी काहीतरी आडवे येत होते, कधी दुकानाचे गळके छप्पर, कधी माझा दमा. परवा डॉक्टरांनी मला दोन्ही हात पुढे करायला सांगितले, थरथरणारी बोटे पाहिली आणि कागदावर लिहीत राहिले. डॉक्टर बोलले असते तर बरे झाले असते. घरी आलो आणि लिहायला बसलो.

मी, खाली सही करणारा, ज्याला सगळे भोंगेवाला म्हणून ओळखतात तो, सभा-समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने देणारा व दुरुस्त करणारा, आज डोके ठिकाणावर असताना, कोणी धाक न घालता आणि कोणी लाडीगोडी न लावता, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते ठरवून लिहितो. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवला तर तो खोटा समजावा. माझी शाळा अर्ध्यात सुटली, म्हणून शुद्धलेखन सूनबाईने तपासले आहे. शब्द माझेच आहेत. तिने काही ठिकाणी बदलून पाहिले, मी पुन्हा होते तसे केले.

१. राहते घर मुलाला द्यावे. स्वयंपाकघराच्या दाराजवळचे दिव्याचे बटण ओल्या हाताने लावू नये. हे मी रोज सांगतो, सगळे हो हो म्हणतात आणि कोणी ऐकत नाही. आता मृत्युपत्रातच घातले आहे, निदान कायदा म्हणून तरी ऐकावे.

२. बँकेत जे असेल त्यातले अर्धे मुलाला आणि अर्धे सूनबाईला, तिच्या स्वतःच्या नावावर. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. त्याची आई गेली तेव्हा मी जेवत नव्हतो. सूनबाई ताटासमोर येऊन बसायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही जेवल्याशिवाय मी उठणार नाही. कामावर उशीर झाला आणि साहेब ओरडले तर तुमचंच नाव सांगेन." मग जेवावे लागे.

३. दुकानातले डाख द्यायचे सोल्डरिंग, मीटर, पकडी आणि तारांची भेंडोळी समोरच्या पंखे दुरुस्त करणाऱ्याला द्यावी. तो मागून नेलेली पकड पुसून परत करतो. भोंगे त्यानेच घ्यावेत किंवा विकावेत, पण गच्चीवरच्या मोठ्या भोंग्यात चिमणीने घरटे केले आहे, पिल्ले उडेपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. मला शेवटचे नेताना भोंगा लावू नये. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे केले, आता पुरे.

४. मंडपवाल्याने माझी लांब शिडी नेली ती परत आणली नाही. विचारले की म्हणतो, "कुठली शिडी, काका? ती तर माझीच." ती त्यालाच राहू द्यावी. तिची वरची पायरी सैल आहे, हे त्याला मुद्दाम सांगू नये, असे मी आधी लिहिले होते. नंतर झोप लागेना. तर सांगावे. पण मी सांगायला लावले, हेही सांगावे.

५. आता टेपा. खरे तर याच्यासाठीच हा सगळा कागद आहे.

मास्तर गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी असे, ती तारांवरून सरकवत. बोटाने तार दाबली की सूर पायरी पायरीने चढतो, कांडीने तो घसरत येतो, माणसाच्या गळ्यातून यावा तसा. ऑर्केस्ट्रात दोन कडव्यांच्या मध्ये त्यांना एकट्याने वाजवायला थोडी जागा मिळे. लोक गाण्यांसाठी येत, आम्ही काही जण त्या मधल्या जागेसाठी येत असू. मी लाउडस्पीकर लावायचो, म्हणून मला टेप करता येई.

मास्तर गेले त्या तारखेला आम्ही माझ्या दुकानात जमतो. नियम असा की टेप आधी लावायची नाही. प्रत्येकाने आपल्या आवडीचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवायचा, मग टेप लावून कोण कुठे घसरला ते पाहायचे. शिवणकाम करणाऱ्या ताई त्यांच्या लग्नात मास्तरांनी वाजवलेला तुकडा म्हणतात. म्हणताना डोळे मिटतात आणि उजवा पाय शिवणाचे मशीन चालवावे तसा हलत राहतो. बसचे ड्रायव्हर, आता हयात नाहीत, ते तार तुटली तेव्हाचा तुकडा म्हणायचे. मास्तरांनी तुटलेल्या तारेकडे पाहिलेदेखील नव्हते, उरलेल्या तारांवर पुढे निघून गेले होते. ड्रायव्हर म्हणायचे, "टायर फुटला तरी गाडी कशी बाजूला घ्यावी, ते मी त्या दिवशी शिकलो." माझा आवडता तुकडा कोणत्याच टेपवर नाही. कार्यक्रमाआधी मी माइक तपासत होतो, समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. मास्तर म्हणाले, "तू तुझं कर, मी माझं करतो," आणि त्या खुर्च्यांना वाजवून दाखवले. टेपचे मशीन अजून जोडायचे होते.

आमच्यातल्या सलूनवाल्याचा आवडता तुकडा म्हणजे कामगार सभागृहातला शेवटचा. तो मास्तरांचा शेवटचा कार्यक्रम. त्या तुकड्याच्या टोकाला एक लांब सूर आहे. टेपवर तो लागतो, मग हळूहळू बारीक होत वर वर चढतो आणि दिसेनासा होतो. त्यानंतर कोणीतरी अगदी पोरासारख्या बारीक आवाजात "वाऽ" म्हणते. तो सलूनवाला. या आवाजावरून आम्ही त्याला किती छळले असेल. "मिसरूड फुटायचं होतं का रे तेव्हा?" असे ड्रायव्हर दर वेळी विचारायचे. सलूनवाला चिडायचा, "गळा भरून आला होता माझा! तुमच्यासारखा दगड नव्हतो मी." त्या चढत्या सुराबद्दल तो गिऱ्हाइकाची हजामत अर्धी सोडून बोलत राहतो. म्हणतो, मास्तर सूर घेऊन वर गेले आणि खाली आलेच नाहीत.

मास्तरांची लेक एका वर्षी आमच्यात आली होती. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, वडिलांची गिटार तिच्याकडे आहे आणि ती वाजवते. सगळ्यांचे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "हे सगळं छान आहे, पण शेवटचा सूर बाबांनी असा वाजवला नव्हता. त्यांचा हात हललाच नाही. मी स्टेजवर त्यांच्या पायाशी बसले होते. दिवे पिवळे पडत गेले. बाबांनी एकदा वर बघितलं आणि कांडी होती तिथेच धरून ठेवली."

तेवढ्यात मी चहा सांगायला बाहेर गेलो. पुढचे ताईंनी मला सांगितले. सलूनवाला म्हणाला, "तू तेव्हा फ्रॉकात होतीस. टेप खोटं बोलते का?"

"माझ्या वडिलांचा हात कसा होता, ते तुम्ही मला सांगणार?"

"आम्ही त्यांना तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय."

"मग ऐका तुमची टेप," ती म्हणाली. मी चहा घेऊन आलो तर दाराशी तिच्या चपला नव्हत्या. त्यानंतर ती आली नाही. मी फोन केले. "बघते काका," एवढेच म्हणायची, नंतर तेही नाही.

हा कागद करायचा म्हणून, कोणती टेप कुणाला द्यावी ते ठरवायला मी मागच्या महिन्यात एकेक टेप हेडफोन लावून ऐकत बसलो. आमच्या धंद्यात कान घरघर वगळून ऐकायला शिकतो. लाउडस्पीकर म्हटला की मागे थोडी घरघर असायचीच, भाषण ऐकू आले म्हणजे झाले. त्या दिवशी मात्र मशीन बिघडले की काय या काळजीने मी मुद्दाम घरघरच ऐकत होतो. शेवटचा सूर चढू लागला, तशी मागची घरघरही चढू लागली. मागे घेऊन पुन्हा ऐकले. सूर चढला, घरघर चढली. मास्तर कितीही मोठे असोत, माझ्या लाउडस्पीकरची घरघर काही ते वाजवत नव्हते.

सभागृहातली वीज त्या वेळी मंदावत होती. विजेबरोबर माझे टेप करायचे मशीन मंदावले. टेप भरताना मशीन हळू फिरले की नंतर ऐकताना सगळे चढलेले येते. गिटार, घरघर, आणि सलूनवाल्याचा "वाऽ"सुद्धा. चढवले ते माझ्या मशीनने. मास्तर तिथेच होते. सभागृहात कानांनी ऐकलेले आम्ही वर्षानुवर्षे टेप ऐकून विसरलो होतो.

सलूनवाल्याला कसे सांगावे ते ठरेना. शेवटी त्याला दुकानात बोलावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय. एवढी वर्षं आम्ही काय विजेचा खेळ ऐकून रडलो?" मी टेप लावली, आणि तो सूर आल्यावर मशीनच्या चाकाला अंगठा टेकवला. घरघर जागची हलू नये, एवढाच बेताने दाब द्यायचा, आधी थोडा, मग जास्त. घरघर थांबली तसा सूरही थांबला. तो चढला नाही. फक्त हलका होत गेला, जागच्या जागी, सरळ. आणि शेवटी एका तरण्या माणसाचा भरदार, मोकळा आवाज आला, "वाऽ!"

सलूनवाला मशीनवर वाकला. मग म्हणाला, "हा मी आहे."

"तूच."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावली. त्याने वस्तरा पुसावा तसा तळहात मांडीवर पुसला आणि म्हणाला, "पोरीला बोलाव. मी बोलणार तिच्याशी. तू मध्ये पडू नकोस."

यानंतर मी तो तुकडा पुष्कळदा लावून पाहिला. कधी जमतो, बहुतेकदा जमत नाही. अंगठा थरथरतो आणि सूर डुचमळतो. मुलगा म्हणतो, "बाबा, संगणकावर सरळ करून आणतो." कर म्हटले, पण तिने ऐकून होय म्हटल्याशिवाय नाही. तो हात इतक्या जवळून पाहिलेली ती एकटी उरली आहे. सूर वर नेण्याचे आम्हाला एवढे कौतुक होते. दिवे जात आहेत, आवाज जातो आहे, आणि माणूस हात न हलवता सूर तिथेच धरून बसला आहे, हे केवढे मोठे, ते मला माझा हात हलायला लागल्यावर कळले.

म्हणून सर्व टेपा, ते वाजवायचे मशीन आणि हेडफोन मास्तरांच्या लेकीला द्यावेत. तिने ठेवावे, मोडावे, काय करायचे ते करावे, कोणी विचारू नये. अंगठा देता येत नाही. तो दाब कसा द्यायचा ते मी जिवंत असतानाच तिला शिकवायला हवे.

६. सलूनवाल्याला काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही मिळाले तर पुढे भानगडी होतात असे वकील म्हणाले. सलूनवाला म्हणाला, "म्हणूनच मला साक्षीदार केलंस, चिकट्या." तसे नाही. माझी दाढी शेवटची त्यानेच करावी, एवढे मात्र लिहितो. तो तेव्हा नको म्हणेल. त्याला आग्रह करावा.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचले, दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: मास्तरांच्या स्मृतिदिनाआधीचा रविवार.

(सही) भोंगेवाला

साक्षीदार:
(सही) सलूनवाला. वाचले. टेपेबद्दल लिहिले आहे ते खरे आहे.
(सही) शिवणकाम करणाऱ्या ताई

ताजा कलम, मास्तरांच्या लेकीसाठी. बाळ, बाकीच्यांनी हा कागद मी गेल्यावर उघडायचा आहे, पण तुला याची प्रत आजच पाठवतो आहे. तू सांगितलेस ते खरे होते. येताना गिटार आण. तो सूर एकदा मशीनशिवाय, अंगठ्याशिवाय, जागच्या जागी उभा असलेला आम्हाला ऐकायचा आहे. ताई तुकडा म्हणणार नाहीत म्हणाल्या, नुसत्या बसतील. सलूनवाला रोज संध्याकाळी दुकान बंद करून इथे येतो, दाराकडे तोंड करून बसतो आणि विचारतो, "आलं का काही?" त्याला काय सांगू? येतेस की नाही, एवढेच कळव. फोन कर, नाहीतर दोन ओळी टाक. पण लवकर कळव. आज सकाळी चहाचा कप मला दोन्ही हातांनी धरावा लागला.